अर्धे कापलेले हेल्मेट: चेहरा वर उचलता येणाऱ्या हेल्मेटचा चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

हेल्मेटबद्दल अभिप्राय लिहिणाऱ्याची एक अडचण असते. ज्या कामासाठी वस्तू घेतली ते काम तिला जमते की नाही, हे कळण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही, आणि ती येऊ नये अशीच घेणाऱ्याची इच्छा असते. त्यामुळे असे बहुतेक लेखन रंग, वजन, काच आणि वाऱ्याचा आवाज यांच्याभोवतीच फिरते. माझ्यावर मात्र ती वेळ अकराव्या महिन्यात आली. वळणावर बारीक खडी पसरली होती, वेग कमी असूनही मोटारसायकल घसरली आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. मला कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. हेल्मेटवरही बोटभर लांबीचा ओरखडा एवढीच खूण दिसत होती. एकदा आपटलेले हेल्मेट बाद करायचे असते, हे मला ठाऊक होते. पण ते टाकून देण्याऐवजी मी लोखंड कापायच्या करवतीने त्याचे उभे दोन तुकडे केले. हा अभिप्राय ते दोन तुकडे समोर ठेवून आणि त्याच नमुन्याचे दुसरे हेल्मेट गेले तीन महिने वापरत असताना लिहिलेला आहे.

हेल्मेट मॉड्युलर प्रकारातले आहे, म्हणजे हनुवटीपुढचा भाग काचेसह बिजागरीवर वर उचलता येतो. कवच पॉलिकार्बोनेटचे आहे, घरच्या वजनकाट्यावर वजन १ किलो ६५० ग्रॅम भरते, आणि हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर ईसीई २२.०६ या युरोपीय मानकाचा क्रमांक आणि ‘पी/जे’ ही अक्षरे आहेत. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण याच बांधणीची हेल्मेट अनेक उत्पादक काढतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष बव्हंशी या प्रकाराचेच आहेत.

करवत कवचातून चटकन पार झाली. ते पुरते चार मिलिमीटरही जाड नाही. खरा पसारा त्याच्या आत आहे. ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्या पॉलिस्टायरिनचा थर कपाळापाशी ३८ मिलिमीटर आणि मागच्या बाजूला ३२ मिलिमीटर जाड भरला. जिथे मी आपटलो होतो तिथे मात्र तो २६ मिलिमीटरच उरला होता. सहा मिलिमीटर थर कायमचा दबला होता, आणि तेवढ्या जागी थर्माकोलचे दाणे एकमेकांत शिरून बोटाला गुळगुळीत लागत होते. त्याच्या वरचे कवच होते तसेच परत फुगून आले होते, आणि कापडी अस्तर तर पूर्ण स्वच्छ होते. कापून पाहिले नसते तर हा खड्डा मला कधीच दिसला नसता, आणि ‘काही झालेले नाही’ असे समजून तेच हेल्मेट पुढे वापरण्याचा मोह झाला असता, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

त्या सहा मिलिमीटरांचे मोल थोड्या गणिताने कळते. समजा, डोके सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने रस्त्याला भिडले आणि पाच मिलिमीटरांच्या अंतरात थांबले, तर त्या थांबण्याचा सरासरी जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५७० पट होतो. तेच डोके २५ मिलिमीटरांत थांबले तर तो जोर सुमारे ११५ पटींवर उतरतो. हेल्मेटचे बरेचसे शास्त्र या दोन आकड्यांत सामावलेले आहे. ते धक्का अडवत नाही, थांबायला जागा देते, आणि ती जागा एकदाच वापरता येते. पूर्वीच्या २२.०५ मानकात हीच ७.५ मीटरची कसोटी होती आणि आतल्या नकली डोक्यावरचा जोर २७५ पटींच्या वर जाता कामा नये, अशी अट होती. ताशी २७ किलोमीटर ऐकून अनेक जण हसतात. पण हा मोटारसायकलचा वेग नव्हे. डोके खाली येऊन जमिनीला भिडण्याचा हा वेग आहे, आणि तो जवळजवळ तीन मीटर उंचीवरून पडण्याइतका होतो. पुढे जाण्याचा वेग, वाटेत खांब किंवा दुभाजक आला नाही तर, घसरण्यातच सरतो.

नव्या २२.०६ मानकाने वरची कसोटी सेकंदाला ८.२ मीटरपर्यंत नेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ६ मीटरची एक सौम्य कसोटीही जोडली, आणि माझ्या दृष्टीने या हेल्मेटचा सर्वांत मोठा गुण तिथे आहे. केवळ जोरदार धक्क्यासाठी घडवलेला थर्माकोल घट्ट असतो. हलक्या आपटण्यात तो दबतच नाही आणि सगळा धक्का डोक्याच्या वाट्याला येतो. माझे पडणे हलके होते, तरीही थर दबला. याचा अर्थ, ज्या प्रकारच्या पडण्याची शक्यता रोजच्या वापरात सर्वाधिक असते त्याचा विचार घडवणाऱ्याने केला होता. अभिप्रायातील पहिला कौल मी येथेच देतो: आतल्या थराच्या बाबतीत या हेल्मेटला नाव ठेवायला जागा नाही.

आणि डोके वाचवतो तो कवचाच्या आतला थर, हेच माणसाला पुन्हा पुन्हा शिकावे लागले आहे. डोळ्यांत भरते ते नेहमी कवच, त्यामुळे संग्रहालयांत कवचे उरली आणि अस्तरे कुजून गेली. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना १९२० च्या दशकात इराकमधील उर या प्राचीन नगरातील राजघराण्याच्या दफनभूमीत मेस्कलमदुग याचे सोन्याचे शिरस्त्राण सापडले. केसांच्या बटा आणि कान कोरलेली ही कलाकृती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. सोन्याच्या पत्र्याने कुणाचे डोके वाचेल अशी अपेक्षा नाही, तरी त्याच्या कडेने बारीक छिद्रांची रांग आहे, आतले अस्तर ओवून घट्ट बसवण्यासाठी. मिरवण्याच्या वस्तूतही कारागिराने अस्तराची सोय विसरली नव्हती. मध्ययुगीन युरोपातला सरदार लोखंडी टोपाखाली कड्यांची टोपी आणि तिच्याखाली भरीव शिवलेली कापडी टोपी घालत असे. गदेचा घाव लोखंड अडवी, पण त्या घावाचा हादरा ही कापडी टोपीच पचवीत असे.

१९१४ साली युरोपातील सैन्ये मात्र हे सगळे विसरून युद्धावर गेली. फ्रेंच आणि ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर कापडी टोप्या होत्या आणि जर्मनांच्या डोक्यावर टोकदार चामडी टोप. खंदकांत तोफगोळ्यांच्या कपच्या वरून कोसळू लागल्यावर १९१५ मध्ये ऑगस्ट-लुई आद्रियाँ यांच्या नावाने ओळखले जाणारे फ्रेंच शिरस्त्राण आले. त्याच वर्षी जॉन ब्रोडी यांनी रुंद कडांचे, उथळ ताटासारखे ब्रिटिश शिरस्त्राण नोंदवले, आणि १९१६ मध्ये फ्रीडरिश श्वेर्ड यांच्या आराखड्यावरून कानशिले आणि मान झाकणारे जर्मन शिरस्त्राण तयार झाले. तिघांचेही पोलाद पातळ होते आणि थेट गोळी अडवण्याचा त्यांचा दावा नव्हता. शत्रू वरून पडणारी कपची होती, म्हणून ब्रोडींची कड छत्रीसारखी रुंद झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात जुन्या चिलखतांचा विभाग सांभाळणाऱ्या बॅशफर्ड डीन यांना अमेरिकन सैन्यासाठी नवी शिरस्त्राणे आखायला बसवले गेले, हा या सगळ्यातला माझा आवडता भाग. पाचशे वर्षे जुन्या टोपांचा अभ्यासक विसाव्या शतकात अचानक उपयोगी ठरला.

मोटारसायकलच्या बाजूने पाहिले तर १९१४ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर डॉक्टर एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेचे टोप शर्यतपटूंसाठी तयार करवून घेतले. तरीही सामान्य चालकाने ते घालावे, असे कुणाला वाटले नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी आपल्या मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी मेंदूच्या इजेने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या इजांचा अभ्यास करून १९४१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. मात्र त्या काळच्या हेल्मेटमध्येही डोके पट्ट्यांच्या जाळ्यावर टेकलेले असे. धक्क्याने चिरडून जाणारे, म्हणजे स्वतः मोडून डोके वाचवणारे अस्तर रॉथ आणि लोम्बार्ड यांच्या १९५३ च्या अमेरिकन पेटंटाने रूढ केले. माझ्या समोरच्या तुकड्यातला तो सहा मिलिमीटरांचा खड्डा त्याच कल्पनेचा वंशज आहे. अशा हेल्मेटचा उपयोग किती, याचे उत्तर आज बरेच पक्के आहे: २००८ साली कॉक्रेन संस्थेने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मोटारसायकलस्वारांत मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले.

आता या हेल्मेटचे ज्याच्या नावाने गुणगान होते ते वैशिष्ट्य, म्हणजे वर उचलता येणारा चेहरा. त्याची सोय निर्विवाद आहे. चष्मा न काढता हेल्मेट घालता येते, कुणाशी बोलायचे असेल तर पट्टा सोडावा लागत नाही, थांबल्यावर चार श्वास मोकळे घेता येतात. ही हौस आजची नाही. कांस्याच्या एकाच पत्र्यातून ठोकून काढलेले ग्रीकांचे कॉरिंथियन शिरस्त्राण नाक, गाल, हनुवटी सगळे झाकत असे, आणि म्हणूनच ते नकोसेही होत असे. ग्रीक चित्रांत आणि पुतळ्यांत योद्धा ते कपाळावर मागे सरकवून उभा असलेला वारंवार दिसतो. मध्ययुगीन युरोपात याच गरजेतून बिजागरीवर उघडणारे मुखावरण आले. माझे हेल्मेट त्याच घराण्यातले आहे, आणि त्या घराण्याचा जुना दोषही त्याच्याकडे आलेला आहे. जे उघडते, ते नको त्या वेळीही उघडू शकते, आणि जिथे फट असते तिथून काहीतरी आत येऊ शकते. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये भाल्यांच्या द्वंद्वात उतरला होता. प्रतिस्पर्धी मोंगोमेरी याचा भाला तुटला, त्याच्या चिरफळ्या मुखावरणातून शिरून राजाच्या डोळ्यात घुसल्या आणि दहा दिवसांनी तो मरण पावला. त्या काळातले उत्तमोत्तम चिलखत राजाच्या अंगावर होते, हे वेगळे सांगायला नकोच.

हनुवटीच्या भागाकडे दुर्लक्ष परवडत नाही. अपघातग्रस्त हेल्मेटवरच्या खुणांची नोंद करणाऱ्या डिटमार ओटे यांच्या जर्मन अभ्यासात सुमारे ३५ टक्के आघात हनुवटी आणि जबड्याच्या पट्ट्यात आढळले होते. मोटारशर्यतपटू डॅन गर्नी यांनी १९६८ च्या जर्मन ग्रां प्री शर्यतीत पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घातले, तेव्हा ते नवलाचे होते. काही वर्षांतच शर्यतींच्या मैदानावर उघड्या चेहऱ्याचे हेल्मेट दिसेनासे झाले. म्हणून घेणाऱ्याने चिठ्ठीवरची अक्षरे वाचावीत. ‘पी’ म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे, ‘जे’ म्हणजे तो नसताना उघड्या चेहऱ्याचे हेल्मेट म्हणून तपासणी झालेली आहे, आणि ‘पी/जे’ असेल तर दोन्ही प्रकारे. ‘एनपी’ असे लिहिलेले असेल तर समोर दिसणारी हनुवटीची पट्टी वारा अडवण्यापुरतीच आहे. असे हेल्मेट घेण्यापेक्षा उघडे घ्यावे. निदान आपण कशावर विसंबून आहोत, याबद्दल गैरसमज राहत नाही.

माझ्या हेल्मेटमध्ये हनुवटीचा भाग बंद ठेवणाऱ्या कुलपाचे आकडे (हुक) धातूचे आहेत, ही समाधानाची बाब. ते दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बसत नाहीत, ही तक्रारीची. सातव्या महिन्यापासून डावा आकडा बसल्याचा आवाज येई, पण हाताने ओढून पाहिल्यावर तो सुटे. धूळ साचली होती. पाण्याने धुऊन आणि बोटभर सिलिकोन लावून ते सुरळीत झाले. पण एकीकडे अर्धवट बसलेली हनुवटी आणि चालकाला तिची खबरच नाही, ही साधी गोष्ट नव्हे. दुसऱ्या हेल्मेटमध्येही हीच खोड दुसऱ्या महिन्यात दिसली, तेव्हा हा आराखड्याचाच दोष धरायला हवा. चेहरा उघडा ठेवून वेगाने जाण्याचा मोह तर मुळीच धरू नये. वर गेलेली पट्टी वाऱ्यात शिडासारखी मागे ओढली जाते आणि मान दुखू लागते.

काचेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मानकाप्रमाणे दोन्ही बाजूंना मध्यापासून १०५ अंशांपर्यंत दिसले पाहिजे, आणि तेवढे दिसते. आतली दुसरी काच, जिला पिनलॉक म्हणतात, ती बसवल्यावर श्वासाच्या वाफेचा त्रास थांबला. उन्हाची काळी काच खटक्याने खाली येते, पण चष्म्याच्या दांडीला टेकते. त्या काळ्या काचेसाठी कपाळावरचा थर्माकोल कोरून खाच केलेली आहे, हे मला कापल्यावरच कळले. खाचेपाशी थराची जाडी ३८ वरून २७ मिलिमीटरांवर आली आहे. हेल्मेट मानकाच्या कसोटीला उतरले आहे, त्यामुळे धोका आहे असे मी म्हणणार नाही. मात्र सोयीसाठी मोजलेले मोल ११ मिलिमीटर आहे, एवढे ठाऊक असावे.

आवाज हा मात्र मोठाच विषय आहे. कॉरिंथियन शिरस्त्राणाला कानाशी छिद्रेच नव्हती आणि सेनापतीचा हुकूम ऐकू येणे कठीण होत असणार. पुढच्या काळातील ग्रीक टोपांत कानाभोवतीचा पत्रा कापून काढलेला आढळतो, रोमनांनी तर कान उघडे ठेवून त्यांच्यावर छोटी पन्हळ बसवली. आजच्या चालकाची अडचण उलटी आहे: कान झाकलेले असूनही गोंगाट आत येतो. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज साधारण ९५ डेसिबलच्या घरात असतो, आणि तो रोज तासन् तास ऐकत राहणे श्रवणशक्तीला घातक आहे. मॉड्युलर हेल्मेटला सांधे जास्त, म्हणून शिट्ट्याही जास्त. माझ्या हेल्मेटमध्ये उजव्या बिजागरीपाशी ताशी ७० किलोमीटरनंतर एक बारीक शीळ सुरू होते आणि ती कशानेच जात नाही. मी कानात फोमचे बोळे घालतो. आवाजासाठी गुण द्यायचे झाले तर काठावर पास.

मानेचा विचार हेल्मेटमध्ये उशिरा येतो, जणू डोके हवेत तरंगत असते. जुन्या कारागिरांचे तसे नव्हते. रोमन टोपाला मागे रुंद पन्हळी होती, काबुतो या जपानी टोपाला मानेवर लोंबणाऱ्या पट्ट्यांची झालर होती. ‘जिरेटोप’ या शब्दाचा जिऱ्याशी काही संबंध नाही. फारसीत ‘जिरिह’ म्हणजे कड्यांचे चिलखत, आणि टोपाच्या कडेने मानेवर उतरणारी कड्यांची जाळी त्या शब्दात अजून शिल्लक आहे. क्रिकेटने हा धडा २०१४ मध्ये फार महागात घेतला. डेनिस एमिस यांनी १९७७-७८ च्या हंगामात मोटारसायकलच्या धर्तीचे हेल्मेट घालून फलंदाजी केली, तेव्हापासून डोके आणि चेहरा झाकला गेला, पण कानामागचा मानेचा भाग उघडाच राहिला. तिथेच चेंडू लागून २७ नोव्हेंबर २०१४ रोजी फिलिप ह्यूज यांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर हेल्मेटच्या मागे मानेसाठी जोड आले. मोटारसायकलच्या हेल्मेटला मात्र मागे लांब पन्हळ देता येत नाही, कारण मान मागे वळल्यावर तीच कड मणक्यावर दाबली जाईल. येथे मानेची काळजी घेण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वजन कमी ठेवणे, आणि या बाबतीत १ किलो ६५० ग्रॅम म्हणजे अजिबात प्रशंसनीय नाही. बिजागरी, कुलूप, दुहेरी काच यांचा भार तिथे गेलेला आहे. तीन तासांच्या प्रवासानंतर मानेच्या मुळाशी तो जाणवतो.

बाहेरचा आकार गोल आणि गुळगुळीत आहे, टोके, पंख, शेपटी काही नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. डोके रस्त्यावर सरळ क्वचितच आपटते. बहुधा ते तिरपे भिडते आणि जमिनीला अडकून गरकन फिरते, आणि मेंदूला या फिरण्याची इजा सरळ धक्क्यापेक्षा वाईट होऊ शकते. म्हणून २२.०६ मध्ये ४५ अंशांच्या खरखरीत उतारावर हेल्मेट आपटून ते किती फिरते हेही मोजतात. शिंगे असलेले शिरस्त्राण या कसोटीत पहिल्या फटक्यालाच नापास होईल. डेन्मार्कमधल्या व्हेक्सो येथे १९४२ मध्ये शिंगांची दोन कांस्य शिरस्त्राणे खरोखर सापडली, पण ती व्हायकिंगांच्या सुमारे पावणेदोन हजार वर्षे आधीची आणि समारंभातली आहेत. नॉर्वेतल्या गेरमुन्बू येथे मिळालेल्या व्हायकिंगकालीन टोपाला शिंगे नाहीत. शिंगवाला व्हायकिंग लोकांच्या मनात ठसला तो १८७६ साली बायरॉइटमध्ये झालेल्या जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्याच्या वेशभूषेमुळे. प्रत्यक्ष तलवारीखाली उभे राहणाऱ्याला टोप निसरडाच हवा असतो. नॉर्मन योद्ध्यांचे निमुळते टोप घाव बाजूला सरकवून द्यायचे. हेल्मेटवर रबरी शिंगे आणि कॅमेऱ्याचे घट्ट दांडे चिकटवून फिरणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे. माझ्या हेल्मेटमध्ये डोके आणि थर्माकोल यांच्यामध्ये सरकणारी पातळ पिवळी चकतीही आहे. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात मेंदूचे शल्यविशारद हान्स फोन होल्स्ट आणि अभियंते पीटर हाल्डिन यांनी विकसित केलेल्या कल्पनेवर ती आधारलेली आहे. चकती हाताने हलवली तर साधारण एक सेंटिमीटर सरकते, आणि तेवढेच अपेक्षित आहे.

पट्ट्याचे बक्कल दातेरी पट्टीचे आहे, हातमोजे घालूनही बसते. माझे मत मात्र दोन कड्यांतून पट्टा ओवण्याच्या जुन्या पद्धतीच्या बाजूचे आहे, कारण तिथे दर वेळी पट्टा आपल्या हनुवटीपुरता ओढला जातो. दातेरी पट्टी एकदा सैल राहिली की सैलच राहते. पट्टा न लावता हेल्मेट घालणे ही सवयही जुनीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक पट्टा मोकळा सोडत, कारण स्फोटाच्या हवेने टोप उडेल आणि पट्ट्यामुळे मान मोडेल, अशी त्यांची समजूत होती. शेवटी ठरावीक ताणाला आपोआप सुटणारी कडी बनवावी लागली. रस्त्यावर अशी कोणतीही सबब नाही. हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम शिरावीत इतका पट्टा घट्ट हवा, आणि मागची कड धरून पुढे ओढल्यावर हेल्मेट डोक्यावरून निघता कामा नये. घेताना गाल दाबले जात असतील तर तो दोष नव्हे. गालांचे पॅड पहिल्या महिन्याभरात बसतात. माझे पॅड आठव्या महिन्यानंतर मात्र जास्तच बसले आणि सुटे पॅड मिळवायला सहा आठवडे गेले.

रंगाबाबत एक चूक मी दुसऱ्या खरेदीत सुधारली. पहिले हेल्मेट काळे होते, दुसरे पांढरे आहे. न्यूझीलंडमधील २००४ च्या अभ्यासात काळ्याच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटच्या स्वारांना इजेचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला होता. खंदकातल्या सैनिकाला दिसायचे नव्हते, म्हणून ब्रोडींच्या टोपाची चकाकी घालवण्यासाठी त्याच्या रंगात वाळू मिसळली गेली. रस्त्यावरच्या स्वाराचे हित नेमके उलट आहे.

देखभालीत एकच सूचना: पेट्रोलचा फडका, थिनर आणि गोंदाचे स्टिकर या कवचापासून दूर ठेवावेत, पॉलिकार्बोनेट त्यांनी ठिसूळ होते. साबणाचे कोमट पाणी पुरते.

मग हे हेल्मेट घ्यावे का? चष्मा लावणाऱ्याने, शहरात थांबत थांबत जाणाऱ्याने आणि डावा आकडा दर वेळी हाताने ओढून पाहण्याची शिस्त असलेल्याने जरूर घ्यावे. सलग लांबचा प्रवास करणाऱ्याने याच मानकाचे, न उघडणारे, निदान २०० ग्रॅमने हलके हेल्मेट पाहावे. कुलपाची तक्रार मी उत्पादकाला तुकड्यांच्या छायाचित्रांसह लिहून कळवली. उत्तरात हेल्मेट कापल्यामुळे हमी रद्द झाल्याचे कळवले आहे.